पक्षाघात, परिचारिका आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





शाळेच्या मेळाव्यात हा दवाखान्याचा विषय कशाला, असा प्रश्न पुढच्या रांगेतील काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. दहावी-बारावीनंतर काय करावे, हे ऐकायला आपण आला आहात. त्याकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी एका आजाराविषयी बोलू द्या. हा आजार आपल्यापैकी पुष्कळ घरांनी जवळून पाहिलेला आहे, आणि त्याच वाटेने मला तुमच्या मुलामुलींच्या शिक्षणापर्यंत पोहोचायचे आहे.

या आजाराला आपण लकवा म्हणतो. घरातील बुजुर्ग मंडळी फालिज म्हणतात. आपले शेतकरी शेजारी म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' डॉक्टर लोक लिहिताना पक्षाघात लिहितात आणि बोलताना स्ट्रोक म्हणतात. वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद होते, किंवा रक्ताच्या दाबाने फुटते. बंद होण्याचे प्रकार अधिक, फुटण्याचे कमी. पण फुटते तेव्हा धोका फार मोठा. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. कोणता प्रकार आहे हे सी.टी. स्कॅन काढल्याशिवाय मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, मग आपल्या मोहल्ल्यातील जाणकारांची काय कथा!

हा शहरातील, खात्यापित्या माणसांचा आजार आहे, असा एक समज अजून आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गरीब, जंगलपट्टीच्या खेड्यांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण कोणते निघाले? हिवताप नव्हे, सर्पदंश नव्हे. पक्षाघात! दर सात मृत्यूंमागे एक. आणि त्यांतील बहुतेक माणसे दवाखान्यात नव्हे, घरीच वारली.

आता आपल्या घरी काय घडते ते पाहा. समजा, पाथर्डी किंवा शेवगाव तालुक्यातील एखादे गाव आहे. फजरच्या वेळी अब्बा वुजू करायला बसले आणि उजव्या हातातील लोटा निसटला. त्यांनी काही म्हटले, ते कोणाला समजले नाही. ओठाचा एक कोपरा खाली आला आहे. घरात धावपळ सुरू होते. कोणी तळपाय चोळतो, कोणी चहा पाजायला येतो. एकजण दम केलेले पाणी आणायला जातो. शेजारचे चाचा कबुतराचे रक्त चोळायला सांगतात, तर दुसऱ्या कोणाला लकव्याचे औषध देणारे एक गाव आठवते. ते नेमके दवाखान्याच्या उलट दिशेला असते. दुपारी जीप ठरते आणि संध्याकाळी रुग्ण नगरला पोहोचतो.

बंद झालेल्या वाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आज उपलब्ध आहे. ते लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तज्ज्ञांनी हिशेब केला आहे की, मोठी वाहिनी बंद पडली तर मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. आपला जिल्हा, कालचा अहमदनगर, २०२४ पासूनचा अहिल्यानगर आणि आपल्या तोंडी कायमचा 'नगर', हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. चौदा तालुके. जामखेडहून वा अकोल्याहून निघालेल्या माणसाचा वेळ रस्त्यातच किती जातो, हे एस.टी.ने फिरणाऱ्यांना सांगायला नको. त्यात घरातील चार तास मिळवले की संपलेच.

म्हणून एवढे पाठ करून ठेवा. तोंड वाकडे झाले, एक हात वर धरला असता खाली पडू लागला, बोलणे जड वा असंबद्ध झाले. यांपैकी एक जरी अचानक दिसले, किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तोल जाऊ लागला, तर १०८ क्रमांकाला फोन करा. घड्याळात किती वाजले ते पाहून ठेवा. तोंडाने काहीही देऊ नका. पाणी नको, चहा नको, रक्तदाबाची गोळी नको, अ‍ॅस्पिरिनही नको, कारण वाहिनी फुटलेली असेल तर ती गोळी घात करील. दहा मिनिटांत सारे आपोआप बरे झाले तरी जाच. ती पुढे येणाऱ्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते. आणि आपल्या गावापासून चोवीस तास सी.टी. स्कॅन चालू असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच, सारे ठीक असताना करून ठेवा. दुआ करायला माझी मुळीच हरकत नाही. मीही करते. ती गाडीत बसूनही करता येते.

रुग्ण दारात आला की परिचारिकेचा पहिला प्रश्न असतो: 'यांना शेवटचे धडधाकट कोणी आणि केव्हा पाहिले?' इंजेक्शन द्यायचे की नाही, हे या एका उत्तरावर ठरते. झोपेतून उठताना त्रास दिसला असेल तर वेळ उठल्यापासून नव्हे, झोपायला गेल्यापासून धरायची असते. पुढे उभे असलेले पुरुष अंदाजाने काहीतरी सांगतात. उशीर केला म्हणून कोणी रागावेल या भीतीने वेळ कमी करूनही सांगतात. अनुभवी सिस्टर त्या वेळी मागे उभ्या असलेल्या सुनेकडे वळते. पहाटे चूल पेटवताना अब्बा कसे होते, हे तिलाच नक्की ठाऊक असते. पण परक्या माणसांसमोर ती बोलत नाही, आणि सिस्टरशी बोलते. हे मी वॉर्डात आयुष्य घालवलेली बाई म्हणून सांगते आहे. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते लिहिलेले नाही.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे जातात, जावेच लागते. त्यानंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने आणि त्यापुढे चोवीस तास पुरे होईपर्यंत दर तासाला रक्तदाब मोजायचा, हातापायांची ताकद पाहायची, शुद्ध तपासायची. मुलांनो, बेरीज करा. एका दिवसात छत्तीस वेळा. रात्री तीन वाजता रुग्णाचे डोके दुखू लागले, तो जरा अधिक गुंगीत वाटला, तर आत रक्तस्राव तर होत नाही ना, ही शंका प्रथम कोणाला यायला हवी? त्या वेळी खाटेजवळ जी जागी आहे तिला.

पण याहूनही साधी, आणि माझ्या मते याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे पाण्याचा चमचा. पक्षाघात झालेल्या जवळजवळ निम्म्या माणसांना सुरुवातीचे काही दिवस नीट गिळता येत नाही. घोट घशाऐवजी श्वासनलिकेत उतरतो. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. चार दिवसांनी ताप येतो, न्यूमोनिया होतो, आणि लकव्यातून वाचलेला माणूस त्यात जातो. घरचे म्हणतात, 'नसीब.' नसीब खरेच, पण त्याआधी कोणीतरी प्रेमाने, आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडात सरबत ओतलेले असते. प्रशिक्षित परिचारिका काय करते? रुग्ण पुरता जागा आहे का ते पाहते. त्याला ताठ बसवते. खोकून दाखवायला सांगते. मग चमचाभर पाणी देते, गळ्यावरून घोट उतरताना पाहते, आणि नंतर त्याला बोलायला लावते. आवाज ओला, घरघरता आला, की तिथेच थांबायचे. मग नळीने अन्न द्यायचे की कसे, हे डॉक्टर ठरवतात. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ते शिकलेले लक्ष.

याचा पुरावा काय, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात पक्षाघाताच्या १९ विभागांत एक प्रयोग झाला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. काही विभागांतील परिचारिकांना तीन गोष्टी काटेकोर करायला शिकवले: ताप वाढू द्यायचा नाही, रक्तातील साखर वाढू द्यायची नाही, आणि गिळणे तपासल्याखेरीज तोंडाने काही द्यायचे नाही. नवे औषध दिले नाही, नवे यंत्र आणले नाही. नव्वद दिवसांनी पाहिले तेव्हा नेहमीच्या पद्धतीच्या विभागांत शंभरातील ५८ रुग्ण दगावले किंवा परावलंबी झाले होते. जेथे परिचारिकांना हे तीन नियम शिकवले होते, तेथे हा आकडा ४२ होता. शंभरामागे सोळा माणसांचा हा फरक ताप, साखर आणि पाण्याचा घोट यांवर नजर ठेवल्याने पडला. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची जाहिरात आपण रोज पाहिली असती.

यानंतरचा काळ लांबचा असतो. लोकांना वाटते, जीव वाचला, आता मालिश करायची आणि वाट पाहायची. खरे म्हणजे पुनर्वसन पहिल्या दोन-तीन दिवसांतच, खाटेवरच सुरू होते. फिजिओथेरपीचे तज्ज्ञ दिवसातून एकदा येतात. उरलेले तेवीस तास रुग्ण कसा निजला, कसा बसला, कसा उठवला गेला, हे परिचारिकेवर आणि घरच्यांवर असते. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाड, खुबा, टाच या जागी कातडी काळवंडते आणि जखमा होतात. लुळा हात लोंबकळू द्यायचा नाही, उशीवर ठेवायचा. आणि उठवताना त्या हाताला धरून ओढायचे तर कधीच नाही. आपल्याकडे भेटायला आलेला प्रत्येक नातेवाईक मायेने त्याच हाताला धरून उठवतो. खांदा सांध्यातून उतरतो आणि मग वर्षभर दुखतो. भेटायला येणाऱ्यांना हे सांगण्याचे धैर्य घरात कोणात नसते. सिस्टर सांगते, आणि वाईट ठरते.

काही रुग्ण डावी बाजूच विसरतात. ताटातील अर्धी भाकरी खातात आणि 'कमी वाढले' म्हणून रागावतात. त्यांना वेड लागलेले नसते. मेंदूचा तो भाग डाव्या बाजूची दखलच घेत नाही. परिचारिका ताट फिरवून ठेवते, डाव्या बाजूने येऊन बोलते, आणि हळूहळू त्यांची नजर तिकडे वळवते.

वाचा गेलेल्या रुग्णाचे दुःख तर फारच मोठे. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग जाते आणि बहुधा शब्दही जातात. ऐकू येते, बरेचसे समजते, पण 'पाणी' हा शब्द सापडत नाही. अशा माणसाला काही वेळा लहानपणापासून पाठ असलेले मात्र सलग म्हणता येते: एक ते दहा आकडे, वारांची नावे, सूरह फातिहा. घरच्यांना वाटते, नाटक करतो. नमाजचे म्हणता येते आणि पाणी मागता येत नाही? नाटक नव्हे. पाठ असलेले मेंदूत वेगळ्या वाटेने येते. जाणती परिचारिका त्याच वाटेचा उपयोग करते. सूर धरायला लावते, एक शब्द गाळून थांबते आणि तो रुग्णाकडून येण्याची वाट पाहते. येथे भाषेचा प्रश्न येतो. आपल्या घरांतून दखनी बोलतात, बाहेर मराठी. पक्षाघातानंतर एखाद्या अम्मीला घरची बोलीच तेवढी उरते. त्या वॉर्डात तिची बोली समजणारी एकतरी सिस्टर असेल तर केवढा फरक पडेल!

आपल्या धर्माचरणातही या कामाला मदत करणारे पुष्कळ आहे. आजारी माणसाने उभे राहून जमत नसेल तर बसून, बसून जमत नसेल तर पडून नमाज पढावी, ही सवलत आपल्याला आहेच. दिवसातून पाच वेळा धरून बसवणे, चांगल्या हाताने लुळ्या हाताला वुजू करवणे, मान उजवी-डावीकडे वळवणे, हा केवढा नियमित व्यायाम झाला! फक्त न्हाणीघरात ओले नको, खुर्ची हलणारी नको, आणि शेजारी माणूस हवा. रमजानमध्ये मात्र सांभाळा. आजाऱ्याला रोजाची सूट असताना रुग्ण हट्टाने रोजा धरतो आणि गोळ्या बंद करतो, म्हणजे दुसरा झटका आपणच बोलावला. गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला जुळतात का, हे रमजानच्या आधी डॉक्टरांना विचारावे. चंद्र दिसल्यावर नव्हे.

आता कोणी म्हणेल, हे सारे घरचीच माणसे करतील; आपल्याकडे सून-मुलगी असतेच. हा विचार विद्वानांनाही सुचला होता. आपल्या देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर याचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या घरच्या माणसाला व्यायाम करून घ्यायला शिकवून त्यांना घरी पाठवले. उरलेल्यांना नेहमीसारखे उपचार मिळाले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत दगावलेल्या वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण सारखेच निघाले, शंभरामागे सुमारे ४७. घरच्यांनी काही करू नये, असा याचा अर्थ नाही. त्यांच्यावाचून रुग्णाचा एक दिवस निघायचा नाही. पण आधीच स्वयंपाक, लेकरे आणि मजुरी सांभाळणाऱ्या सुनेच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवले की काम झाले, ही कल्पना टिकली नाही. शिकलेल्या, पगारी, त्याच कामासाठी नेमलेल्या माणसाची जागा माया घेऊ शकत नाही. मला हा निष्कर्ष ऐकून बरे वाटले, हे कबूल करते. आमच्या कामाला 'काय, अंग पुसायचे आणि गोळ्या द्यायच्या' म्हणणारे मी पुष्कळ ऐकले आहेत.

अशी माणसे तयार करता येतात, हे दाखवणारे ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने काम सुरू केले. गावोगावच्या, बहुधा निरक्षर आणि कित्येकदा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवून तयार केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जग ते पाहायला जामखेडला येते. आपल्यापैकी किती जण गेले आहेत?

आणि नगर शहरात सॅल्व्हेशन आर्मीचे बूथ हॉस्पिटल स्वातंत्र्यापूर्वीपासून उभे आहे. करोनाच्या साथीत, २०२० साली, याच रुग्णालयाने आपली दारे उघडी ठेवली. तेथे बरे झालेल्यांत आपल्या समाजातील माणसेही होती. या जिल्ह्यात परिचारिकेचे काम प्रथम ख्रिस्ती मिशनांनी रुजवले. खेड्यापाड्यांतील गरीब ख्रिस्ती घरांनी आपल्या मुली या शिक्षणाला पाठवल्या. त्या मुलींनी आपल्या आईचे बाळंतपण केले, आपल्या दादीच्या पाठीच्या जखमा धुतल्या. आपण त्यांना सिस्टर म्हटले. आपली स्वतःची बहीण मात्र तिकडे पाठवली नाही.

पालकहो, हे थोडे कटू आहे, पण बोलायला हवे. अम्मीला लकवा झाला की आपण वॉर्डात जाऊन काय म्हणतो? 'पुरुष नको, बाई पाठवा, परदा पाळा, नळी बसवताना पडदा ओढा.' ही मागणी रास्त आहे. मी स्वतः ती पुरी केली आहे. पण जिने यायचे ती बाई कोणाची तरी मुलगी असेल ना? ती आपल्याला हवी, आणि आपल्या मुलीने फॉर्म आणला की आपण म्हणतो, 'रातपाळी असते, परपुरुषाला हात लावावा लागतो, स्थळे येणार नाहीत.' ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून, एकाच वर्षात मी ऐकली आहेत.

हजरत रुफैदा (र.) यांचे नाव आपल्या मुलींना शिकवले जाते की नाही, मला ठाऊक नाही, शिकवले जावे. मदीनेच्या असलम कबिल्यातील या बाई जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत, म्हणजे हिजरी ५, इ.स. ६२७ मध्ये, हजरत साद बिन मुआज (र.) यांना बाण लागला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीतील या बाईंच्या तंबूत ठेवायला सांगितले. तो तंबू मशिदीच्या आवारात होता, आणि तेथे औषधोपचार करणारी बाई होती. यावर मी अधिक भाष्य करीत नाही. उलेमा बसलेले आहेत. सावित्रीबाई फुले यांचे नाव तर तुम्हांला माहीतच आहे. शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी त्या आपल्या नगरला मिस फॅरारबाईंच्या शाळेत आल्या होत्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच त्यांना मृत्यू आला. शिकवणे आणि शुश्रूषा, ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत.

रातपाळी असते, हे खरे आहे. काम कष्टाचे आहे. खासगी ठिकाणी पगार पुष्कळदा कामाच्या मानाने कमी असतो, हेही मी लपवत नाही. वसतिगृह कसे आहे, रात्री जाण्या-येण्याची सोय काय आहे, हे बापाने स्वतः जाऊन पाहावे, विचारावे. त्यात लाज कसली? पण न पाहताच नकार देऊ नये. स्थळांचे म्हणाल, तर मुलगी आपल्या पायावर उभी राहिली म्हणून मोडलेल्या घरांपेक्षा कमावता पुरुष लकव्याने खाटेवर पडला म्हणून मोडलेली घरे मी अधिक पाहिली. अशा घरांत एक शिकलेली मुलगी असती तर निदान उपासमार झाली नसती.

आता मार्ग सांगते. सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे ए.एन.एम., हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा. बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात, आणि मुलगेही जाऊ शकतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला बारावी विज्ञान, म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, शिवाय प्रवेश परीक्षा. राहाता तालुक्यात लोणीला प्रवरेच्या संस्थेचे नर्सिंग महाविद्यालय आहे, आणि अशी इतरही ठिकाणे आहेत. नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहा. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशा पाट्यांच्या मागे लागू नका. संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. मान्यता नसेल तर फी बुडाली आणि वर्षेही बुडाली. मुलग्यांनो, तुम्हीही ऐका. बेशुद्ध माणसाची कूस बदलायला ताकद लागते, आणि पुरुष रुग्णांना ब्रदर हवेच असतात.

शिक्षकांना एक विनंती. आपल्या उर्दू माध्यमाच्या हुशार मुली या प्रवेशाला अडतात त्या बुद्धीमुळे नव्हे, इंग्रजीमुळे. वॉर्डातील नोंद इंग्रजीत असते आणि रुग्ण मराठीत कण्हतो. तेव्हा दोन्ही भाषा आठवीपासून पक्क्या करून घ्या. उर्दू तर घरची आहेच, आणि ती कोणत्या अम्मीच्या केव्हा उपयोगी पडेल, ते मघाशी सांगितले.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. लकव्याचे सर्वांत मोठे कारण उच्च रक्तदाब, आणि तो बहुधा दुखत-खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. लोणचे, पापड, खारवलेले पदार्थ, तंबाखू आणि आपल्या बायकांची मिश्री, यांचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मी यंत्र बरोबर आणले आहे. पुरुषांसाठी पाचवीच्या वर्गात आणि बायकांसाठी शेजारच्या खोलीत, अशी व्यवस्था मुख्याध्यापकांनी केली आहे. बायकांच्या खोलीत मी स्वतः बसणार आहे. पाच मिनिटे शांत बसून मग हात पुढे करावा. अध्यक्षांना विनंती की चहा आधी वाटू नये, कारण चहाने आकडा वाढतो. ज्यांचा दाब जास्त निघेल त्यांना चिठ्ठी देईन. ती खिशात न ठेवता याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.